लाँग रनचं खाणंपिणं: शनिवारच्या जेवणापासून रविवारच्या नाश्त्यापर्यंत

जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करणारे मुंबईकर भर पावसाळ्यातच किलोमीटर मोजायला लागतात. वेळापत्रक, बूट, घड्याळ सगळं चोख असतं. खाण्याचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकललेला असतो. मग २४-२५ किलोमीटरच्या पुढे पाय दगडासारखे होतात, डोकं चालेनासं होतं, पेस (धावण्याचा वेग) घसरतो आणि निदान ठरलेलं असतं: "स्टॅमिना कमी पडतोय." बऱ्याचदा स्टॅमिना शाबूत असतो, इंधन संपलेलं असतं.

धावताना खाणं हे सरावाने येतं आणि तो सराव बसायला सात-आठ आठवडे लागतात. खाली दिलेला क्रम मोडू नका. घामाचा हिशेब न करता बाटली भरणं किंवा पोटाला सवय न लावता शर्यतीत जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक) खाणं, यातूनच बहुतेक घोटाळे होतात.

सुरुवातीलाच एक इशारा: मधुमेह, रक्तदाबाची औषधं, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर या लेखातले साखर-मिठाचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. डॉक्टरांशी बोलून तुमचे आकडे ठरवून घ्या.

## आधी आकडे समजून घ्या

स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ६०० ग्रॅम कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असतात. म्हणजे ढोबळमानाने १,६०० ते २,४०० कॅलरी. धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला सुमारे १ कॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला, म्हणजे ४२.२ किलोमीटरला, २,७०० च्या आसपास लागतात. चरबीचा साठा भरपूर असतो, पण ती सावकाश जळते. पेस वाढला की शरीर कर्बोदकांवरच जास्त अवलंबून राहतं. साठा आणि खर्च यांतली तूट धावता धावता भरून काढायची, एवढंच आपलं काम.

त्यासाठीचं प्रमाण असं:

- सव्वा ते अडीच तासांच्या रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं.
- त्याहून लांब रनला तासाला ९० ग्रॅमपर्यंत जाणारे धावपटू असतात, पण त्यांनी पोटाला तशी सवय लावलेली असते. नोकरी-घर सांभाळून धावणाऱ्या बहुतेकांना ४० ते ६० ग्रॅम पुरतात.

ग्लुकोज आतड्यातून रक्तात जायचा मार्ग तासाला ६० ग्रॅमच्या आसपास भरून जातो. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे. म्हणून ६० च्या वर जायचं असेल तर दोन्ही असलेले पदार्थ लागतात. आपली साधी साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज असते आणि गुळातही मुख्यतः तीच साखर असते. महागडं काही न घेताही हे मिश्रण घरात असतं.

"मी हळू धावतो, मला एवढं कशाला?" असं पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणारे हमखास विचारतात. खरं तर ते रस्त्यावर जास्त वेळ असतात, तेव्हा एकूण खाणं त्यांनाच जास्त लागतं. तासाचं प्रमाण थोडं कमी ठेवा, पण घेणं चुकवू नका.

## टप्पा १: कोणत्या रनला खायचं ते ठरवा

सव्वा तासाच्या आतल्या रनला पाणी पुरतं. मरीन ड्राइव्हवर आठ किलोमीटर धावून जेल खाणाऱ्यांना त्या जेलची गरज नसते.

सव्वा तास ते दीड तास: भरल्या पोटी निघाला असाल तर एखाद्या वेळी खाल्लं तरी पुरे. दीड तासाच्या वर गेलात की प्रत्येक वेळी, ठरवून, घड्याळ लावून खायचं.

उपाशीपोटी लाँग रन (आठवड्यातली सगळ्यात लांब धाव) करून वजन उतरवायचा बेत सोडून द्या. त्या दिवशी थोडं वजन उतरलेलं दिसतं खरं, पण ते मुख्यतः पाणी असतं. पुढचे दोन दिवस पाय ओढत चालता आणि दुपारी हाताला लागेल ते खाता. वजन कमी करायचंच असेल तर छोट्या, सोप्या रनच्या दिवशी जेवणात काटछाट करा. महिनोन् महिने कमी खाऊन जास्त धावलं की पाळी अनियमित होणं, वारंवार आजारी पडणं, नडगीचं हाड दुखणं अशा खुणा दिसू लागतात. पाळी बंद झाली किंवा हाड एकाच जागी दुखत राहिलं तर धावणं थांबवून डॉक्टरांकडे जा.

## टप्पा २: घामाचा हिशेब करा

मुंबईत घाम येतो पण वाळत नाही. हवेतच इतका ओलावा असतो की घाम अंगावरून नुसता ओघळतो आणि शरीर थंड होत नाही, मग आणखी घाम सुटतो. पुण्यातल्या किंवा बेंगळुरूच्या मित्राचं पाण्याचं गणित इथे चालत नाही. ऑक्टोबरचं गणित जानेवारीतही चालत नाही.

1. एका तासाच्या रनआधी लघवीला जाऊन या. मग कपडे काढून वजन करा.
2. नेहमीच्या पेसने धावा. किती पाणी प्यालात ते लक्षात ठेवा.
3. परत आल्यावर अंग कोरडं पुसा आणि पुन्हा कपड्यांशिवाय वजन करा. घामाने भिजलेला टी-शर्ट अंगावर ठेवून केलेलं वजन फसवतं.
4. घटलेलं वजन अधिक प्यालेलं पाणी, भागिले तास. हा तुमचा तासाचा घाम.

समजा सकाळी ६२ किलो, परतल्यावर ६०.८, मध्ये ६०० मिली प्यालात आणि दीड तास धावलात. एकूण १.८ लिटर गेलं, म्हणजे तासाला १.२ लिटर. मुंबईच्या दमट हवेत असा आकडा येणं अगदी सामान्य आहे.

हा सगळा घाम धावतानाच भरून काढायचा नाही. बहुतेकांच्या पोटात तासाला ४०० ते ८०० मिलीच नीट मावतं. रन संपल्यावर वजन दोन टक्क्यांच्या आसपास घटलेलं चालतं. चार टक्के घटलं तर पाणी कमी पडतंय.

तपासून पहा: परतल्यावर वजन वाढलेलं आहे का? असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यालात, आणि तहानेपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, बोलण्यात गोंधळ या त्याच्या खुणा. अशा वेळी आणखी साधं पाणी पाजू नका, सरळ दवाखाना गाठा.

## टप्पा ३: सामान गोळा करा, पेय घरी बनवा

स्वयंपाकघरात ठेवायचा एक छोटा डिजिटल काटा घ्या. "दोन चमचे साखर" प्रत्येक घरात वेगळी असते.

कशात किती कर्बोदकं, हे अंदाजाने:

- मध्यम केळं: २५ ग्रॅम. छोट्या वेलची केळ्यात साधारण निम्मं.
- साधा लहान खजूर: ५-६ ग्रॅम. मोठ्या मेजूलमध्ये १७-१८.
- १० ग्रॅम गूळ: ९ ग्रॅम.
- १०० ग्रॅम उकडलेला बटाटा किंवा रताळं: १७ ते २० ग्रॅम.
- पांढऱ्या ब्रेडची स्लाइस: १२ ते १५ ग्रॅम.
- बाजारातलं जेल: बहुतेक २० ते ३० ग्रॅम. पाकिटावर वाचा. कॅफीन आहे का तेही तिथेच बघा.

शेंगदाण्याची चिक्की या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. तिच्यातलं तेल पोटात रेंगाळतं, आणि धाप लागलेली असताना कोरडे तुकडे चावणं त्रासाचं होतं. धावून झाल्यावर खुशाल खा.

आता पेय. एक लिटरचं माप:

- साखर ६० ग्रॅम
- मीठ छोट्या चमच्याने सपाट पाव चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. यातून ६०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम मिळतं.
- एका लिंबाचा रस, किंवा कोकम

साखर आधी कपभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, मग उरलेलं पाणी घाला. थंड पाण्यात टाकलेली साखर तळाशी बसते. पहिला तास फिकं पाणी आणि शेवटचे घोट पाकासारखे, असं होतं.

कोकम वापरणार असाल तर बाटलीवर नीट बघा. आगळात मीठ आधीच असतं, आणि चांगलं सढळ असतं. त्यात आणखी पाव चमचा घातलंत तर घशाखाली उतरणार नाही. आगळ घालून आधी चव घ्या आणि मग मीठ ठरवा. अमृत कोकममध्ये उलट साखर असते, तेव्हा तिथे साखरेचं माप कमी करा. आपल्या कोकणच्या या फळाची आंबट-खारट चव तिसऱ्या तासाला, जेव्हा सगळं गोड नकोसं होतं, तेव्हा फार उपयोगी पडते. मला त्या वेळी दुसरं काहीच इतकं सहज पिता येत नाही.

पेयाबाबत तीन गैरसमज सारखे भेटतात.

ओआरएस प्यालं की ताकद येते, हा पहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसमध्ये लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे. मीठ-पाणी उत्तम मिळतं, पण एका लिटरमधून अर्ध्या केळ्याइतकीच कर्बोदकं मिळतात. ओआरएस घेत असाल तर खाणं वेगळं हवंच.

नुसती ग्लुकोज पावडर पुरते, हा दुसरा. तिथे अडचण उलटी: ऊर्जा मिळते, पण घामातून जाणारं मीठ भरून निघत नाही.

शहाळ्यात सगळं असतं, हा तिसरा आणि सर्वांचा लाडका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. घामातून मुख्यतः सोडियम जातं. रन झाल्यावर शहाळं प्या, सोबत काहीतरी खारट खा.

इशारा: साखरेचं पेय भरलेली मऊ बाटली आपल्या हवेत एका दिवसात बुरसते. घरी आल्या आल्या गरम पाण्याने धुवा, नळीला ब्रश फिरवा आणि उलटी टांगून वाळवा. लाँग रननंतर पोट बिघडण्याचं कारण कधी कधी या बाटलीतच सापडतं.

## टप्पा ४: पोटाला सवय लावा

सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात.

धावताना रक्त पायांकडे वळतं आणि पोटाचा वाटा कमी होतो. अशा पोटात अचानक तासाला ५० ग्रॅम साखर ओतली की मळमळ, पेटके, शौचाला पळणं ठरलेलं. पण आतडं शिकतं. धावताना वारंवार कर्बोदकं मिळाली की ती शोषून घेण्याची त्याची ताकद वाढते. पोट रिकामं होण्याचा वेगही सुधारतो. पायांना जसं हळूहळू अंतर वाढवून देता, तसंच पोटालाही द्यायचं.

साधारण आठ आठवड्यांचा क्रम असा धरा:

1. पहिले दोन आठवडे, तासाला २० ते २५ ग्रॅम. फक्त पेय किंवा फक्त खजूर. एका वेळी एकच पदार्थ, म्हणजे त्रास झाला तर कशाने ते कळेल.
2. तिसरा-चौथा आठवडा, ३० ते ३५ ग्रॅम. पेयासोबत एक घन पदार्थ आणा.
3. पाचवा-सहावा आठवडा, ४० ते ४५ ग्रॅम. शर्यतीत जे जेल किंवा जो पदार्थ घेणार, तोच आता सुरू करा. एखादी रन शर्यतीच्या पेसने करून बघा. हळू धावताना पचलेलं जोरात धावताना पचेलच असं नाही.
4. सातवा-आठवा आठवडा, ५० ते ६० ग्रॅम, किंवा तुमच्या पोटाला मानवेल तिथपर्यंत.

हा सराव रविवारच्या लाँग रनला आणि आठवड्यातल्या एका मधल्या रनला करा. आठवड्यातून एकदाच करून सवय फार सावकाश लागते.

एखाद्या पायरीवर त्रास झाला तर मागच्या पायरीवर या, तिथे आणखी एक आठवडा थांबा. पदार्थ बदलण्याआधी तीन गोष्टी तपासा: जेल पाण्याबरोबर घेतलं होतं की गोड पेयाबरोबर? एकदम पूर्ण घेतलं की थोडं थोडं? आदल्या रात्री काय जेवलात? जेल आणि गोड पेय एकत्र घेतलं की पोटात पाक तयार होतो, त्यासाठी शरीर आतड्यात पाणी ओढतं आणि पोट डचमळतं. जेलवर नेहमी साधं पाणी.

घन पदार्थ कसे न्यायचे तेही शिकावं लागतं. खजूर बी काढून अर्धा करा, किंचित मीठ चोळा, बटर पेपरमध्ये गुंडाळा. बटर पेपरचं टोक पीळ न घालता नुसतं दुमडा, घामेजलेल्या बोटांनी पीळ सुटत नाही. गुळाचे छोटे खडे करून तसेच खिशात टाकले तर दमट हवेत पाघळून कापडाला चिकटतात, तेव्हा तेही कागदात. जेलच्या पाकिटाला घरीच कात्रीने कडेला बारीक चीर देऊन ठेवा, फक्त चीर आतल्या पाकापर्यंत पोहोचू देऊ नका. रिकामी पाकिटं परत खिशात. रस्ता झाडणाऱ्यांनी आपली जेलची पाकिटं का उचलावीत?

## टप्पा ५: शनिवार

शनिवारी नवं काही खायचं नाही. जेवणात भात, पोळी, बटाटा, रताळं यांचा वाटा वाढवा आणि तेल-तूप, कडधान्यं, सॅलड कमी करा. पालेभाज्या, राजमा, छोले एरवी उत्तम, पण त्यातला तंतू दुसऱ्या दिवशी पहाटे चुकीच्या वेळी जागा होतो. दुपारचं जेवण मोठं ठेवा, रात्रीचं हलकं आणि आठच्या आत. मऊ वरण-भात, लिंबू, थोडं मीठ जास्त. पहाटे साडेतीनला उठणाऱ्याने रात्री दहाला हॉटेलात जेवू नये, हे सांगावं लागतं कारण शनिवारी नेमकं तेच होतं.

दिवसभर पाणी थोडं थोडं प्या. झोपताना लिटरभर ढोसलं तर रात्रभर उठावं लागेल.

उपवास असेल तर. शनिवारचा उपवास धरणारे पुष्कळ आहेत, आणि प्रशिक्षणाचे महिने श्रावण, गणपती, नवरात्र यांतूनच जातात. दिवसभर उपाशी राहून रात्री शेंगदाण्याच्या कुटाने आणि तुपाने भरलेली साबुदाणा खिचडी, आणि पहाटे २५ किलोमीटर, हे जमत नाही. श्रद्धा मोडायची गरज नाही, क्रम बदला. जमलं तर लाँग रन शनिवारी पहाटेवर आणा किंवा सोमवारी ढकला. रविवारीच धावायचं असेल तर उपवासालाच चालणारे हलके पदार्थ दिवसभर विभागून घ्या: उकडलेलं रताळं, केळी, साबुदाण्याची पातळ पेज, राजगिऱ्याचा लाडू. कूट आणि तूप नावापुरतं. निर्जळी उपवासाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लाँग रन ठेवू नका.

## टप्पा ६: पहाट

किती वेळ आधी खाताय त्यावर किती खायचं ते ठरतं. एक तास आधी असेल तर वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम कर्बोदकं, दोन तास आधी असेल तर २ ग्रॅम.

६० किलोच्या माणसाने पाचला धावायला सुरुवात करायची असेल तर चारला: जॅम लावलेल्या दोन पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस आणि एक वेलची केळं. सोबत ३०० ते ४०० मिली पाणी. पीनट बटर, ओट्स, दूध इथे नको. अगदीच काही घशाखाली उतरत नसेल तर कपभर गोड कोकम किंवा लिंबू सरबत घ्या, काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

दूध घातलेला चहा अनेकांना धावताना त्रास देतो. काळी कॉफी चालत असेल तर घ्या, पण ती पोट साफ करायला लावते, तेव्हा घरातून निघण्याआधी पुरेसा वेळ ठेवा. मरीन ड्राइव्हवर पहाटे स्वच्छतागृह शोधत फिरणं टाळा.

इशारा: सुरुवातीच्या ३०-४५ मिनिटं आधी जेल किंवा भरपूर साखर घेतली तर काहींची रक्तातली साखर धावायला लागताच खाली येते आणि गरगरतं. गोड घ्यायचंच तर सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटं आधी, वॉर्मअपनंतर.

## टप्पा ७: धावताना, घड्याळाप्रमाणे

पहिलं खाणं तिसाव्या मिनिटाला. त्या वेळी भूक नसते, पाय ताजे असतात, गप्पा रंगलेल्या असतात आणि म्हणूनच ते राहून जातं. दमल्यावर खाल्लेलं रक्तात पोहोचायला वेळ लागतो, आणि रिकामा झालेला साठा धावता धावता पुन्हा भरता येत नाही. घड्याळावर दर २५-३० मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की घ्यायचं, इच्छा असो वा नसो.

साडेतीन तासांच्या रनचा एक नमुना, तासाला साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा:

- दर १०-१५ मिनिटांनी पेयाचे दोन-तीन घोट. तासाला अर्धा लिटर, म्हणजे ३० ग्रॅम.
- तिसाव्या मिनिटाला तीन खजूर, साध्या पाण्यासोबत. पुढे दर तासाला तीन.
- दोन तासांनंतर चावणं जड जातं, तिथे खजुरांच्या जागी जेल. अर्धं आता, अर्धं दहा मिनिटांनी.

पाणी कुठून आणायचं, हा मुंबईतला खरा प्रश्न. पहाटे साडेपाचला दुकानं बंद असतात. शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्यांना सोपं आहे, कट्ट्यावर मित्राजवळ बाटली ठेवता येते. मरीन ड्राइव्ह ते वरळी अशा सरळ मार्गावर एक तर कमरेला पट्टा बांधा किंवा मार्ग असा आखा की दीड तासाने परत गाडीपाशी, बॅगेपाशी याल. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये कान्हेरीच्या चढावर जाणाऱ्यांनी पूर्ण पाणी सोबतच न्यावं, वाटेत मिळेल यावर विसंबू नये. पावसात तहान कळत नाही, पण घाम तेवढाच जातो. गजर पावसातही लावा.

पोट बिघडलं तर: पेस दोन-तीन मिनिटं चालण्यापर्यंत खाली आणा, साधं पाणी घोट-घोट घ्या, वीसेक मिनिटांनी थोड्या गोड पेयाने पुन्हा सुरू करा. चक्कर, अंगावर काटा येणं, भ्रमिष्टासारखं बोलणं दिसलं तर रन तिथेच संपवा, सावलीत जा, अंगावर पाणी ओता आणि मदत मागा. दुखतंय म्हणून धावताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. घामाने आटलेल्या शरीरात ती किडनीला घातक ठरू शकते.

## टप्पा ८: रन संपल्यावर

चर्चगेटहून बोरिवली-विरारकडे परतणाऱ्याचा घरी पोहोचेपर्यंत दीड-दोन तास सहज जातो, आणि भरपाईचा सगळ्यात चांगला वेळ तिथेच वाया जातो. म्हणून डबा सोबत ठेवा. पहिल्या तासाभरात वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम कर्बोदकं आणि एकूण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. बॅगेत दोन केळी, दोन उकडलेली अंडी आणि एक टेट्रापॅक दूध असलं तरी गाडीत बसल्या बसल्या बरंचसं काम होतं.

घरी पोचल्यावर उसळ-पाव, इडली-सांबार, दही-पोहे किंवा सरळ वरण-भात आणि अंडी. फक्त पोह्यांवर थांबू नका, त्यात प्रथिनं फार नसतात. मैदानावरून थेट वडापावच्या गाडीकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: आधी हे खा, मग वडापाव.

घटलेल्या वजनाच्या दर किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, मिठाच्या जेवणासोबत. आणि त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहा: किती वाजता काय घेतलं, हवा कशी होती, पोट कसं होतं, शेवटच्या पाच किलोमीटरला पेस कसा होता. महिन्याभराने तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो कुठल्याही लेखापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचा असतो.

## टप्पा ९: शर्यतीचा आठवडा

टाटा मुंबई मॅरेथॉन साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांनी शुक्रवार-शनिवारी वजनाच्या दर किलोला रोज १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं घ्यायची. ६० किलोला ६०० ग्रॅम म्हणजे खूपच झाले, दोन जेवणांत ते बसत नाहीत. भात, पोळी, केळी, सरबत, इडली असं पाच-सहा वेळांत विभागा आणि तेल-तूप बाजूला ठेवा. एक-दीड किलो वजन वाढेल. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत शरीर पाणीही साठवतं, त्यामुळे घाबरून खाणं कमी करू नका. संक्रांत याच सुमारास येते. तिळगूळ चवीपुरता घ्या, तिळातलं तेल शर्यतीच्या आदल्या दिवशी नको.

पाण्याच्या ठाण्यांवर काय मिळणार आहे ते आयोजकांच्या माहितीपत्रकात आधी बघा आणि तेच पेय दोन-तीन लाँग रनना पिऊन ठेवा. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुंबईकर उभे असतात. बिस्किटं, संत्री, चिक्की, मीठ लावलेल्या काकडीच्या फोडी हातात देतात. त्यांच्याकडे बघून हसा, टाळी द्या, पण सरावात न खाल्लेलं तोंडात टाकू नका.

मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, म्हणून नकाशावर चढ कुठे येतात ते पाहून खाण्याच्या जागा ठरवा. परतीच्या वाटेवर पेडर रोड असेल तर जेल चढाच्या आधी दहा मिनिटं, सपाटीवर घ्या. चढावर धाप लागलेली असताना गिळणं कठीण जातं. शेवटचं खाणं संपायच्या अर्धा तास आधी. त्यानंतर पोट काहीच घ्यायला तयार नसेल तर गोड पेयाचा एक घोट पाच-दहा सेकंद तोंडात घोळवून थुंकून टाका. पोटात काही न जाताही मेंदूला साखरेची चाहूल लागते आणि शेवटच्या किलोमीटरांना पाय थोडे हलके होतात.